संगणकाच्या झोपेचे नियम लिहून ठेवा

शाळेची संगणक प्रयोगशाळा असो, पतसंस्थेची शाखा असो की चार मशिनांचं डीटीपीचं दुकान, तिथला संगणक रिकामा पडल्यावर किती वेळाने झोपावा हे बहुधा कोणीच ठरवलेलं नसतं. मशीन बसवणाऱ्याने जी सेटिंग ठेवली ती चालू राहते. मग कधीतरी एखाद्याला स्क्रीन मध्येच काळी होण्याचा वैताग येतो, तो सेटिंग्जमध्ये जाऊन 'नेव्हर' निवडतो, आणि ते 'नेव्हर' मशीन भंगारात जाईपर्यंत तसंच राहतं. ते कोणी केलं, का केलं, आज त्याची गरज उरली आहे का, हे विचारायला कागदावर काही नसतं. म्हणून या लेखातला आग्रह एकच आहे: संगणकाची वीज-सेटिंग एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेली असावी. ती कोणालाही वाचता यावी, लागू झाली की नाही हे तपासता यावं आणि नको असेल तर पूर्ववत करता यावी. स्क्रिप्टने क्लिक वाचतात हा फायदा दुय्यम आहे. खरा फायदा असा की घेतलेला निर्णय दिसत राहतो.

आधी हिशेब करू, कारण 'त्याने असा किती फरक पडणार' हा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. काही वर्षं जुना साधा ऑफिसचा डेस्कटॉप काही काम नसताना, मॉनिटर बंद असतानाही, ४० ते ६० वॅट घेतो. तोच झोपेत गेला की एक ते तीन वॅटवर येतो. ५० वॅट धरा. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ, म्हणजे १४ तास मशीन जागं राहिलं तर ७०० वॅट-तास, म्हणजे ०.७ युनिट. एका मशीनचं हे नगण्यच आहे. पण २५ मशिनांची प्रयोगशाळा रात्रभर जागी राहिली तर रोजचे साडेसतरा युनिट होतात आणि ३०० रात्रींचे ५,२५० युनिट. कोणी म्हणेल, सगळीच मशीन कुठे चालू राहतात, बहुतेक जण बटण बंद करूनच जातात. ठीक आहे, तीनातलं एकच चालू राहतं असं धरा, तरी पावणेदोन हजार युनिट उरतात. आपल्या बिलावरच्या व्यापारी दराने याला गुणून पाहा. भारतातल्या ग्रिडची एक युनिट वीज तयार होताना साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हेही त्यात धरा. या सगळ्या विजेने एकही पत्र टाइप झालेलं नसतं की एकही विद्यार्थी काही शिकलेला नसतो. उलट दिवसा रिकामी तापणारी मशीन खोली तापवतात आणि ती उष्णता बाहेर काढायला एसीला पुन्हा वीज लागते.

मग हे काम माउसने का करू नये? एका घरातल्या एका संगणकासाठी जरूर करा, त्याला स्क्रिप्टची गरज नाही. अडचण सुरू होते ती मशीन एकापेक्षा जास्त झाली आणि माणसं बदलू लागली की. पंचवीस मशिनांवर हाताने सेटिंग केली तर तीन-चार ठिकाणी वेगळं काहीतरी होणारच, आणि कुठे झालं हे शोधायला पुन्हा पंचवीस मशिनांसमोर बसावं लागतं. मोठ्या कंपनीत डोमेन सर्व्हर असतो आणि ग्रुप पॉलिसीने एका जागेवरून हे सगळं करता येतं. तिथे स्क्रिप्टचा हट्ट धरू नये. पण आपल्याकडच्या बहुतेक शाळा, दवाखाने, सेवा केंद्रं आणि छोटी कार्यालयं डोमेनशिवायच चालतात. त्यांच्यासाठी पेन ड्राइव्हवरची दहा ओळींची बॅच फाइल हाच सगळ्यात सरळ मार्ग आहे. त्यासाठी लागणारं 'पॉवरसीएफजी' हे साधन विंडोजमध्ये आधीपासूनच असतं, काही उतरवून घ्यावं लागत नाही. (या लेखात आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत लिहायच्या. 'पॉवर' हा शब्द आणि त्याला जोडून सी, एफ, जी ही अक्षरं, मध्ये जागा नाही.)

स्क्रिप्ट लिहिण्याआधी मात्र मशीनला दोन प्रश्न विचारायला हवेत, आणि घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. झोपेची वेळ २० मिनिटं ठेवूनही मशीन तासन्‌तास जागं राहत असेल तर वेळ १० वर आणून काहीच होत नाही. कारण वेगळं असतं. कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि 'पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स' ही आज्ञा द्या. 'डिस्प्ले', 'सिस्टम', 'अवेमोड' अशा मथळ्यांखाली कोण मशीनला जागं ठेवतंय याची यादी येते. बहुतेक मथळ्यांखाली 'नन' असतं. जिथे नसतं तिथे उत्तर असतं. नेहमी सापडणारी नोंद म्हणजे 'सिस्टम'खाली साउंड कार्डच्या ड्रायव्हरचं नाव आणि त्याखाली ध्वनीचा प्रवाह चालू असल्याची एक ओळ. एखाद्या ब्राउझरच्या टॅबमध्ये आवाज बंद केलेला व्हिडिओ फिरत असतो, आणि तेवढ्यासाठी अख्खं मशीन रात्रभर ताटकळत राहतं. दुसरी नेहमीची नोंद नेटवर्कवरून उघडलेल्या फाइलची: हिशेबाची फाइल सामायिक फोल्डरमधून दुसऱ्या मशीनवर उघडी राहिली की ज्या मशीनवर ती ठेवलेली आहे ते झोपत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणजे पहिल्या प्रकारात सवय बदलायची, दुसऱ्या प्रकारात ते एक मशीन नियमातून वगळायचं. दोन्हींवर एकच औषध नाही, आणि हा फरक सेटिंग्जच्या खिडकीत कधीच दिसत नाही.

दुसरा प्रश्न उलटा: झोपलेलं मशीन जागं कोण करतं? 'पॉवरसीएफजी /लास्टवेक' शेवटची जाग कशाने आली ते सांगते. '/वेकटायमर्स' पुढे कोणत्या कामासाठी गजर लावलेला आहे ते दाखवते. '/डिव्हाइसक्वेरी वेक_आर्म्ड' मशीनला उठवण्याची परवानगी असलेल्या उपकरणांची नावं देते. त्यात कीबोर्ड असावा. नेटवर्क कार्ड असेल तर विचार करा, कारण काही मांडण्यांमध्ये नेटवर्कवरच्या किरकोळ हालचालीनेही मशीन उठतं. दुरून मशीन उठवण्याची खरोखर गरज असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाला फक्त 'मॅजिक पॅकेट'वर, म्हणजे मुद्दाम पाठवलेल्या उठवण्याच्या संदेशावर, उठण्याची मुभा ठेवता येते. गरज नसेल तर '/डिव्हाइसडिसेबलवेक' आणि त्यापुढे अवतरणचिन्हांत उपकरणाचं नाव, यादीत दिसलं अगदी तसं.

आता स्क्रिप्ट. ती लहान असावी. पहिल्या काही ओळी 'रेम' या शब्दाने सुरू करा. मशीन अशा ओळी चालवत नाही, त्या माणसांसाठी असतात. तिथे तारीख, कोणी ठरवलं, कोणत्या मशिनांसाठी आणि का, हे लिहा. पुढच्या माणसाला सगळ्यात जास्त उपयोग याच ओळींचा होतो. मग 'पॉवरसीएफजी /सेटॲक्टिव्ह स्कीम_बॅलन्स्ड', म्हणजे बॅलन्स्ड हा प्लॅन चालू होईल. ही ओळ आधी हवी, कारण त्यानंतर येणारी '/चेंज' ही आज्ञा त्या वेळी चालू असलेल्या प्लॅनलाच बदलते. क्रम उलटला तर तुमचे आकडे जुन्या प्लॅनमध्ये लिहिले जातात आणि नवा प्लॅन आपल्या मूळ आकड्यांनिशी चालू होतो. स्क्रिप्ट एकही चूक न दाखवता संपते आणि परिणाम शून्य. मग तीन ओळी पुरतात: '/चेंज मॉनिटर-टाइमआउट-एसी १०', '/चेंज स्टँडबाय-टाइमआउट-एसी २०', '/चेंज हायबरनेट-टाइमआउट-एसी १८०', प्रत्येकीच्या आधी 'पॉवरसीएफजी'. हायबरनेट म्हणजे उघडं काम डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होणं. एसी म्हणजे भिंतीतल्या प्लगवर असताना, डीसी म्हणजे बॅटरीवर असताना. लॅपटॉप असेल तर याच तीन ओळी 'एसी'च्या जागी 'डीसी' लावून आणि कमी आकडे घेऊन पुन्हा लिहायच्या. आकडे मिनिटांचे आहेत. शून्य लिहिलं तर त्याचा अर्थ 'लगेच' असा होत नाही, 'कधीच नाही' असा होतो.

स्क्रिप्ट चालली म्हणजे सेटिंग झाली असं धरू नका, विचारून घ्या. 'पॉवरसीएफजी /क्वेरी स्कीम_करंट सब_स्लीप स्टँडबायआयडल' ही आज्ञा द्या. शेवटच्या दोन ओळींत एसी आणि डीसीचे चालू आकडे येतात, पण ते मिनिटांत नसतात आणि दशमान पद्धतीतही नसतात. शून्य, एक्स, मग शून्यांची रांग आणि शेवटी ४बी० असं काहीतरी दिसेल. हा षोडशमान पद्धतीतला सेकंदांचा आकडा. विंडोजचा कॅल्क्युलेटर 'प्रोग्रॅमर' प्रकारात नेऊन 'हेक्स'मध्ये ४बी० टाका, दशमान १,२०० मिळेल. १,२०० सेकंद म्हणजे २० मिनिटं, म्हणजे सेटिंग बसली. हाच सेकंद-मिनिटांचा घोळ दुसऱ्या जागी नडतो. अधिक बारीक सेटिंगसाठी '/सेटएसीव्हॅल्यूइंडेक्स' ही आज्ञा वापरतात आणि तिला वेळ सेकंदांत द्यावी लागते. '/चेंज'च्या सवयीने तिथे २० लिहिलं तर मशीनला २० सेकंदांत झोपायचा हुकूम मिळतो. शिवाय या आज्ञेनंतर '/सेटॲक्टिव्ह स्कीम_करंट' दिल्याशिवाय बदल अमलात येत नाही.

परत फिरण्याची वाटही आधीच करून ठेवा. '/गेटॲक्टिव्हस्कीम' दिलं की चालू प्लॅनचा लांबलचक ओळखक्रमांक मिळतो. '/एक्सपोर्ट', फाइलचं नाव आणि तो क्रमांक एवढं दिलं की जुनी मांडणी फाइलमध्ये जपली जाते आणि '/इम्पोर्ट'ने परत आणता येते. '/रिस्टोअरडिफॉल्टस्कीम्स' हा झटपट उपाय अनेक जण सुचवतात. पण त्याने तुम्ही किंवा मशीन बनवणाऱ्या कंपनीने घातलेले सगळे प्लॅन पुसले जातात, म्हणून तो अगदी शेवटी.

इथे एक मोह आवरायला हवा. स्क्रिप्ट लिहायला बसलं की प्रोसेसरचा वेग, ग्राफिक्स, यूएसबी अशा डझनभर गोष्टी बदलाव्याशा वाटतात. त्यातून फारसं हाती लागत नाही. आजचे प्रोसेसर काम नसताना आपणहून वेग आणि व्होल्टेज खाली आणतात. वरून कमाल वेगाला लगाम घातला तर कामाच्या वेळी मशीन रेंगाळतं आणि तेच काम जास्त वेळ चालतं. ऑफिसच्या मशीनमध्ये वाचणाऱ्या विजेचा मोठा भाग बंद स्क्रीन आणि झोप या दोनच गोष्टींतून येतो. 'हाय परफॉर्मन्स' प्लॅन टाळण्याचं कारणही तेच: तो प्लगवर असताना झोपेची वेळ मुळातच 'कधीच नाही' अशी ठेवतो. या प्लॅनचं टोपणनाव 'स्कीम_मिन' आहे, आणि ते पाहून कमीत कमी वीज खाणारा प्लॅन समजून लोक तो स्क्रिप्टमध्ये घालतात. ते नाव कमीत कमी बचतीचं आहे. बचतीचा प्लॅन 'स्कीम_मॅक्स'.

महाराष्ट्रात सगळ्यात वजनदार आक्षेप विजेच्या लपंडावाचा आहे. झोपेत उघडी कामं रॅममध्ये असतात. झोपलेल्या मशीनची वीज गेली तर रॅम रिकामी होते आणि न जपलेलं काम जातं. हा धोका खरा आहे आणि तो नाकारून सल्ला देणं चुकीचं ठरेल. पण त्यावरचं उत्तर मशीन जागं ठेवणं हे नव्हे. वीज गेली की जागं मशीनही बंदच पडतं. यूपीएस असेल तर तो जाग्या मशीनला जेमतेम काही मिनिटं पुरवतो, झोपलेल्याला कितीतरी जास्त. उत्तर आहे 'हायब्रिड स्लीप'. यात झोपताना रॅममधला मजकूर डिस्कवरही लिहिला जातो. वीज टिकली तर मशीन रॅममधून चटकन उठतं, गेली तर डिस्कवरून सगळं परत येतं. तुमच्या मशीनवर ही सोय आहे का हे 'पॉवरसीएफजी /ए' सांगते. नव्या लॅपटॉपवर तिथे 'एस-० लो पॉवर आयडल' दिसेल आणि हायब्रिड स्लीप उपलब्ध नसेल. पण त्याला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे तिथे ही चिंता राहत नाही. हायब्रिड स्लीप चालायला हायबरनेशन चालू असावं लागतं, आणि इथेच फिरत्या स्क्रिप्टांपासून सावध राहायला हवं. डिस्कवर जागा करण्यासाठी '/हायबरनेट ऑफ' करा असा सल्ला सर्रास दिला जातो. विंडोज १०च्या मूळ मांडणीत हायबरनेशनची फाइल रॅमच्या ४० टक्के जागा घेते, म्हणजे ८ जीबी रॅमला सव्वातीन जीबीच्या आसपास. एवढ्या जागेसाठी डेस्कटॉपवरचं वीज जाण्यापासूनचं संरक्षण आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही गमवायची, हा सौदा तोट्याचा आहे. यूपीएस यूएसबी केबलने संगणकाला जोडलेला असेल तर विंडोज त्याला बॅटरी समजतं आणि वीज गेल्यावर डीसीच्या ओळी लागू होतात. अशा डेस्कटॉपसाठी डीसीची हायबरनेटची वेळ यूपीएसच्या दमाच्या निम्मी ठेवा.

दुसरा आक्षेप असा की दिवसा २० मिनिटं फार कमी आहेत. ग्राहकाशी बोलता बोलता मशीन झोपतं, मग पासवर्ड टाका, मग सॉफ्टवेअर पुन्हा जोडणी मागतं. हेही बरोबर आहे, आणि सेटिंग एकच असली पाहिजे असं मानल्यामुळे हा पेच पडतो. दोन फाइली करा: दिवसाची ४५ मिनिटांची, संध्याकाळची १० मिनिटांची. टास्क शेड्युलरमध्ये एक सकाळी साडेनऊला आणि दुसरी संध्याकाळी साडेसहाला लावा. सकाळच्या कामात एक खूण विसरू नका, 'रन टास्क अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल आफ्टर अ शेड्युल्ड स्टार्ट इज मिस्ड'. साडेनऊला मशीन झोपलेलं किंवा बंद असेल तर वेळ टळून जाते, आणि ही खूण नसेल तर दिवसभर रात्रीचा नियम चालू राहतो. लॅपटॉपवर 'कंडिशन्स' या पानावरची 'फक्त प्लगवर असतानाच सुरू करा' ही आधीच लावलेली खूण काढून टाका, नाहीतर बॅटरीवर काम सुरूच होणार नाही.

काही ठिकाणी यापेक्षा सोपा वाटणारा मार्ग घेतात: रात्री आठला सगळी मशीन जबरदस्तीने बंद करणारी ओळ. तो टाळावा. घड्याळाला माहीत नसतं की मार्चअखेर असल्यामुळे लेखापाल अजून बसला आहे. रिकाम्या वेळेवर चालणारा नियम मात्र कीबोर्डला हात लागताच मोजणी पुन्हा शून्यावर आणतो, म्हणून तो काम करणाऱ्याच्या आड येत नाही. स्क्रिप्टने मशीनचा नियम बदलावा, मशीनला ढकलू नये. ढकलण्यासाठी वापरली जाणारी 'रनडीएलएल३२'ची एक प्रसिद्ध ओळ तर हायबरनेशन चालू असेल तर झोपवण्याऐवजी हायबरनेटच करते.

मोठं डाउनलोड, बॅकअप किंवा रात्रभर चालणारं व्हिडिओचं रेंडरिंग असेल तर? चांगलं सॉफ्टवेअर अशा वेळी स्वतःच विंडोजला 'जागं राहा' अशी विनंती करतं आणि ती '/रिक्वेस्ट्स'मध्ये दिसते. जे करत नाही त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये 'अवेक' नावाची सोय आहे, ठरावीक तासांपुरतं मशीन जागं ठेवणारी. कायमचं 'नेव्हर' करण्यापेक्षा ही तात्पुरती सूट कितीतरी बरी, कारण ती आपोआप संपते. ज्या मशीनवर सामायिक फोल्डर, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग किंवा टोकनची यंत्रणा आहे ते झोपूच नये. त्याचं नाव आणि कारण स्क्रिप्टच्या 'रेम'च्या ओळीत अपवाद म्हणून लिहा, त्याला मॉनिटरची ओळ तशीच लावा आणि झोपेच्या व हायबरनेटच्या ओळींत शून्य लिहा.

सारखं झोपून-उठून मशीन खराब होतं ही भीती जुन्या हार्ड डिस्कच्या काळातली आहे. तेव्हाही डेस्कटॉपच्या डिस्कसाठी ५०,००० वेळा चालू-बंद ही माहितीपत्रकांत नेहमी दिसणारी मर्यादा होती. दिवसाला पाच वेळा आणि वर्षाला ३०० दिवस धरले तरी ती गाठायला तीस वर्षांहून जास्त लागतात. एसएसडीला फिरणारा भागच नाही. डिस्क दर दोन मिनिटांनी थांबवणारी सेटिंग मात्र टाळा, कारण त्यात बचत थोडी आणि खोळंबा फार.

लिनक्स असलेल्या प्रयोगशाळेत हेच काम सिस्टमडीच्या 'लॉगइनडी'च्या मांडणीत आणि मॅकवर 'पीएमसेट'ने होतं. आज्ञा वेगळ्या, क्रम तोच: आधी विचारा, मग बदला, मग तपासा. दुसऱ्याकडून मिळालेली स्क्रिप्ट चालवण्याआधी ती नोटपॅडमध्ये उघडून प्रत्येक ओळ वाचा. ती प्रशासकाच्या अधिकाराने चालणार आहे आणि त्या अधिकारात काहीही पुसता येतं. ज्या ओळीचा अर्थ लागत नाही ती काढून ठेवा.

फाइल एका ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिची छापील प्रत मशिनांच्या नोंदवहीत लावा. विंडोजचं मोठं अपडेट किंवा नेटवर्क कार्डाचा नवा ड्रायव्हर आला की उपकरणांना दिलेल्या जागं करण्याच्या परवानग्या बदलू शकतात. त्यामुळे अशा प्रत्येक अपडेटनंतर 'वेक_आर्म्ड'ची यादी आणि '/क्वेरी'चा आकडा पुन्हा पाहा, फरक असेल तर फाइल परत चालवा आणि तारीख टाकून नोंदवहीत तशी ओळ लिहा.